लवकरच येत आहे : वाट पाहणाऱ्यांच्या तीन तऱ्हा

२०२५चा जून सरता सरता राजापेठेतल्या आमच्या चहाच्या टपरीवर एक भांडण झालं. भांडण पैशाचं नव्हतं, राजकारणाचं तर नव्हतंच. अजून कुणीही न पाहिलेल्या एका सिनेमाचं ते भांडण होतं. अँडी वीअर या लेखकाच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी' या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाचा ट्रेलर नुकताच आला होता. चित्रपट मार्च २०२६मध्ये यायचा होता, म्हणजे तेव्हा तो जवळपास नऊ महिने लांब होता. शिकवणीची पोरं मोबाइलभोवती डोकी घालून उभी होती. तेवढ्यात रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही पुस्तक वाचलं नसेल तर ट्रेलर पाहूच नका. जे अर्ध्या पुस्तकानंतर कळायला पाहिजे, ते त्यांनी दोन मिनिटांत दाखवून टाकलंय." मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा उसळून म्हणाला, "अवं, दाखवलं नाही तं लोकं येतीन कायले?"

त्या दोघांचा वाद पाऊण तास चालला. हे प्रकरण काय आहे, ते मी इथं लिहीत नाही, कारण हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणी ती कादंबरी वाचायला घेणार असेल. पण त्या पाऊण तासानं मला जुन्या प्रश्नाकडं पुन्हा नेलं. जे अजून आलंच नाही, त्याच्याबद्दल माणसं इतकी पोटतिडकीनं का बोलतात? आणि विज्ञानकथेच्या बाबतीतच हे एवढं का घडतं? कौटुंबिक मालिकेच्या पुढच्या भागाबद्दलही बोलणं होतं, पण त्यासाठी कुणी तारखेसह अंदाज लिहून ठेवत नाही. आमच्याकडं ठेवतात. त्या वहीबद्दल पुढं सांगतो.

गेली बरीच वर्षं मी वऱ्हाडातल्या सिनेमा पाहणाऱ्यांच्या सवयींची टिपणं जमा करतो आहे. त्यावरून माझं असं मत झालं आहे, की वाट पाहण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिलीत वस्तू तयार असते, पण आपल्या गावात पोचलेली नसते. दुसरीत ती जगात कुणाकडंच पोचलेली नसते. तिसरीत ती करायलाच कुणी घेतलेली नसते. आपण वऱ्हाडी माणसांनी पहिली तऱ्हा पिढ्यान्‌पिढ्या भोगली. दुसरीत आपण सध्या जगाच्या बरोबरीनं आहोत. तिसरीबद्दल बोलायला मात्र आपण तयार नाही.

पत्र्याच्या पेटीतला सिनेमा

सिनेमाच्या व्यापारात देशाचे भाग पाडलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात. आपला भाग व्यापाऱ्यांच्या तोंडी आजही 'सीपी-बेरार' आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत कधीच इतिहासजमा झाला, १९५६मध्ये आपण मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आलो, पण सिनेमाच्या नकाशावर इंग्रजी अमदानीतलं ते नाव टिकून राहिलं. वितरकांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य ठाणं भुसावळला, आणि वितरकांची कार्यालयं आपल्या अमरावतीतही होती. भुसावळ का, तर रेल्वेचं मोठं जंक्शन. सिनेमा तेव्हा पत्र्याच्या गोल डब्यांतून, पेट्यांत भरून गाडीनं फिरायचा.

एक प्रिंट काढायला बराच पैसा लागायचा, म्हणून प्रिंटा मोजक्याच निघत. त्या आधी मोठ्या शहरांत चालायच्या, तिथला धंदा ओसरला की जिल्ह्याच्या गावी आणि मग तालुक्याला. हिंदी सिनेमा त्यातल्या त्यात लवकर यायचा. इंग्रजी सिनेमा यायला महिने लागत, कधी वर्षं लागत, आणि आला तरी सकाळच्या खेळाला. थेटराच्या भिंतीवर 'लवकरच येत आहे' अशी पट्टी लागलेली असायची. 'लवकर' म्हणजे कधी, हे थेटरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

या व्यवस्थेतून एक खास माणूस तयार झाला : आधी पाहून आलेला. मुंबईला मामाकडं जाऊन सिनेमा पाहून आलेला मुलगा शाळेत पंधरा दिवस राजा असायचा. मी आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी 'स्टार वॉर्स' आधी ऐकला, नंतर पाहिला. ऐकलेला जास्त चांगला होता. सांगणाऱ्यानं स्वतःच्या पदरचे दोन ग्रह आणि एक लढाई त्यात घातली होती, हे पुढं सिनेमा पाहिल्यावर कळलं.

पहिल्या तऱ्हेच्या वाट पाहण्यात चर्चा ही अशी असते. ज्ञान असणारा आणि नसणारा असे दोन पक्ष असतात. एक सांगतो, बाकीचे ऐकतात. अंदाजाला वाव नसतो, विश्वासाला असतो.

पुढच्या अंकाची वाट

दुसरी तऱ्हा नवी आहे असं आजच्या मुलांना वाटतं. ती नवी नाही. विज्ञानकथेचा जन्मच मुळी क्रमशः छापण्याच्या काळात झाला. ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाणारी कथा १८६५ची. १९००च्या सुमारास 'केरळ कोकिळ' या मराठी मासिकानं तिचं मराठी रूप 'चंद्रलोकाची सफर' या नावानं क्रमशः छापलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी वाचक महिनाभर थांबत होता, की तोफेतून सुटलेल्या त्या गोळ्याचं पुढं काय झालं. अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या वकिलाच्या ओसरीवर त्याबद्दल काय बोलणं झालं असेल, त्याची नोंद राहिली नाही. पण ते झालंच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

अमेरिकेत मात्र नोंद राहिली, आणि त्याचं कारण एका संपादकाची साधी युक्ती. ह्यूगो गर्न्सबॅक यानं एप्रिल १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. वाचकांची पत्रं छापताना तो पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापू लागला. झालं, वाचक संपादकाला सोडून एकमेकांना पत्रं लिहू लागले. त्यातून मंडळं निघाली, आणि १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. आज ज्याला आपण 'फॅन' म्हणतो, त्याची घडण अशी पत्त्यांतून झाली.

अशा लोकांच्या बोलण्यात जोर किती असतो, त्याचं उदाहरण 'स्टार ट्रेक'चं. ही मालिका १९६६ला सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी कुणकुण लागताच बिजो ट्रिंबल आणि तिच्या नवऱ्यानं पत्रमोहीम चालवली. वाहिनीकडं पत्रांचा असा पाऊस पडला, की मार्च १९६८मध्ये मालिका पुढं चालू राहील असं पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. पुढं १९७६मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला, याच प्रेक्षकांच्या पत्रांमुळं, मालिकेतल्या यानाचं 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं. जे नाव ठरलं होतं ते बाजूला ठेवावं लागलं. चहाच्या टपरीवरच्या बडबडीला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडं हीच मालिका दूरदर्शननं ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवली. १९८४च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि जिल्ह्याच्या गावांतल्या छपरांवर अँटेना उगवले. १९८९ला 'इंद्रधनुष' आली, त्याच सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा', आणि १९९८ला केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम'. यानं पुठ्ठ्याची दिसत, पण आठवडाभर थांबायला लावत. महत्त्वाची गोष्ट अशी, की मुंबईला मामा असलेला पोरगा आणि बिनमामाचा पोरगा या दोघांना पुढचा भाग एकाच वेळी दिसायचा. अंदाज बांधायला आम्ही तिथं शिकलो.

सगळेच सारखे अडाणी

सिनेमाच्या बाबतीत हे व्हायला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. २००५नंतर हळूहळू रिळांच्या जागी डिजिटल प्रत आली, उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून. पत्र्याच्या पेट्या गेल्या. आता सिनेमा मुंबईत ज्या शुक्रवारी लागतो, त्याच शुक्रवारी अमरावतीत लागतो. पाहून आलेल्या पोराचं राज्य बुडालं. सगळेच सारखे अडाणी झाले, आणि सगळे अडाणी असले की अंदाज सुरू होतात.

आमच्या टपरीवरच्या अंदाज करणाऱ्यांचे मी चार वर्ग पाडले आहेत.

पहिले ग्रंथवाले. यांनी मूळ पुस्तक वाचलेलं असतं. काय होणार हे त्यांना ठाऊक असतं, कसं दाखवणार हा त्यांचा प्रश्न. 'ड्यून' ही फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ची. डेव्हिड लिंचनं १९८४ला ती एकाच सिनेमात कोंबली. डनी व्हिलनव्हनं २०२१ आणि २०२४ अशा दोन भागांत मांडली. तिसरा भाग डिसेंबर २०२६ला जाहीर झाला आहे, तो 'ड्यून मसाया' या पुढच्या कादंबरीवर. ग्रंथवाल्यांचं सारं बोलणं 'काय ठेवतील आणि काय गाळतील' याभोवती फिरतं. संपादनाचं इतकं चांगलं शिक्षण दुसरीकडं फुकट मिळत नाही.

दुसरे खुणावाले. हे ट्रेलर थांबवत थांबवत पाहतात. कुणाच्या अंगावर कोणता गणवेश आहे, खिडकीतून किती सूर्य दिसतात, हातावरचा व्रण आधीच्या भागात होता का.

तिसरे हिशेबवाले. यांना कथेशी फार देणंघेणं नसतं. सिनेमा कधी येणार, किती पडद्यांवर येणार आणि का लांबला, हे ते सांगतात. 'ड्यून'चा दुसरा भाग नोव्हेंबर २०२३हून मार्च २०२४वर गेला, तेव्हा हॉलिवूडच्या नटांचा संप हे कारण आमच्याकडं पहिल्यांदा सांगितलं ते एका पानवाल्यानं. 'इंटरस्टेलर'चंही तसंच. २०१४चा हा सिनेमा दहा वर्षांनी डिसेंबर २०२४ला परदेशात पुन्हा लागला, पण आपल्याकडचे आयमॅक्स पडदे तेव्हा 'पुष्पा २'नं घेतलेले होते. चाहते चिडले. शेवटी ७ फेब्रुवारी २०२५ला तो भारतात लागला आणि मोठ्या शहरांत आयमॅक्सची तिकिटं हातोहात गेली. आमच्यातली दोन पोरं संध्याकाळच्या मुंबई एक्स्प्रेसनं जाऊन तो पाहून आली. परतल्यावर त्यांना विचारायला सगळे जमले, तेव्हा मला माझ्या शाळेतला तो मामाकडून आलेला पोरगा आठवला. म्हणजे पहिली तऱ्हा पूर्ण गेलेली नाही. सिनेमा गावात आला, मोठा पडदा यायचा राहिला.

चौथे शास्त्रवाले. ते थोडे असतात, पण चर्चा तेच वर उचलतात. हे असं होऊ शकतं का, एवढंच ते विचारतात. 'इंटरस्टेलर'मधलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं दिलेल्या समीकरणांवरून संगणकानं काढलं होतं. सिनेमा आला तेव्हा, प्रकाशाचं ते कडं वरून आणि खालून का दिसतं, यावर आमच्याकडं वाद झाला होता. १० एप्रिल २०१९ला एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगापुढं आलं, तेव्हा तीच पोरं, आता नोकरीला लागलेली, एकमेकांना फोन करत होती.

जाधवांचा नव्हे, सरांचा नियम

आता वहीबद्दल. आमच्या टपरीवर विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक येतात. नाव छापायला त्यांची परवानगी नाही. मी या मजकुरात त्यांना जाधव म्हणू का, असं विचारलं, तर म्हणाले, "मी जाधव नाही ना गा, कायले खोटं लिहितं?" म्हणून नुसतं सर. तर सरांनी काही वर्षांपूर्वी दोनशे पानी वही आणली आणि नियम घातला : ज्याला अंदाज करायचा त्यानं तो वहीत लिहायचा, तारीख टाकायची आणि खाली सही करायची. सिनेमा पाहिल्यावर सगळ्यांसमोर वाचायचा. "नंतर समदेच म्हणतात, मले माहीतच होतं. माहीत होतं तं आधी लिही."

वरवर गंमत वाटते, पण विज्ञानाची रीत हीच आहे. आधी विधान करा, ते चुकू शकेल असं करा, मग तपासा. तीस वर्षं फळ्यावर जे मुलांच्या डोक्यात पूर्ण गेलं नाही, ते सिनेमानं गेलं, असं सर म्हणतात.

वही चाळून मला एक गोष्ट दिसली. ट्रेलरवरून केलेले दृश्यांचे अंदाज बरेचदा जमतात आणि कथेचे बरेचदा फसतात. याचं कारण ट्रेलर कसा बनतो यात आहे. ट्रेलर हा कथेचा सारांश नसतो. चित्रित झालेल्या तुकड्यांतून चटकदार तेवढे उचलून, त्यांचा क्रम बदलून, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टाकून तो जोडलेला असतो. एकापाठोपाठ दोन दृश्यं दिसली की आपलं मन त्यांत कार्यकारण लावतं : यानं बंदूक उगारली, तो पडला, म्हणजे यानंच मारलं. प्रत्यक्ष सिनेमात त्या दोन दृश्यांत तासाभराचं अंतर असू शकतं. कधी तर ट्रेलरमधलं दृश्य सिनेमात नसतंच. 'रोग वन' या २०१६च्या 'स्टार वॉर्स'पटाच्या ट्रेलरमधली बरीच दृश्यं अंतिम सिनेमात नव्हती. 'कल्की २८९८ एडी' हा तेलुगू चित्रपट जून २०२४ला आला, तेव्हाही वहीतले यंत्रांचे आणि शहराचे अंदाज बरोबर निघाले, गोष्टीचे पार आडवे झाले. आता त्याच्या पुढच्या भागाचे अंदाज चालू आहेत, आणि सप्टेंबर २०२५मध्ये निर्मात्यांनी नायिका पुढच्या भागात नसेल असं जाहीर केल्यापासून हिशेबवाल्यांना बरे दिवस आले आहेत.

मी फसलो ती गोष्ट

वहीत माझ्या नावावर एक काळं पान आहे. मागच्या वर्षी मला एका येऊ घातलेल्या चित्रपटाचा ट्रेलर मिळाला. मी तो घरी तीनदा पाहिला, टिपणं काढली आणि टपरीवर चाळीस मिनिटं समजावून सांगितला. वहीत सव्वा पान लिहिलं. चार दिवसांनी त्या रसायनशास्त्रवाल्या मुलीनं हळूच सांगितलं, "काका, त्या पिच्चरचं शूटिंगच सुरू झालेलं नाही." ट्रेलर खोटा होता. जुन्या सिनेमांचे तुकडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली चित्रं जोडून कुणीतरी तो तयार केला होता. सरांनी माझ्या सव्वा पानावर काट मारली नाही. समासात फक्त लिहिलं : 'नमुनाच खोटा.'

मी एकटाच फसलेलो नाही. असे ट्रेलर आता धंदा झाला आहे. मार्च २०२५मध्ये यूट्यूबनं अशा दोन मोठ्या वाहिन्यांचं जाहिरातीचं उत्पन्न बंद केलं, त्यातली एक भारतातून चालत होती. खोट्या ट्रेलरची हानी पैशाची नाही, कारण तिकीट कुणी काढलेलं नसतं. हानी विचाराची आहे. आपण विधान करतो, तर्क लढवतो, आणि तपासायला समोर काहीच येणार नसतं. पहिल्या तऱ्हेतला तो पोरगा निदान खरा सिनेमा पाहून आलेला असायचा, दोन ग्रह पदरचे घालायचा. इथं सगळेच ग्रह पदरचे असतात.

तेव्हापासून आमच्या वहीत तीन प्रश्न आधी लिहायचे असं ठरलं. ट्रेलर चित्रसंस्थेच्या स्वतःच्या खात्यावर आहे का? चित्रीकरण सुरू झाल्याची बातमी दोन वेगळ्या ठिकाणी आहे का? त्यातलं एखादं दृश्य त्याच नटाच्या जुन्या सिनेमातलं तर नाही? ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय अंदाज लिहायचा नाही. माझ्या चुकीचा एवढा तरी उपयोग झाला.

रिकामा रकाना

२० मे २०२५ला पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या संध्याकाळी टपरीवर कुणी ट्रेलर काढला नाही. सर सांगत होते. १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला एक कथा आली, नाव 'कृष्णविवर', लेखक नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारळीकरांनी हे नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली होती. परीक्षकांनी नावाकडं न पाहता पहिलं बक्षीस दिलं. ती कथा आली तेव्हा 'इंटरस्टेलर' चाळीस वर्षं दूर होता.

मग सरांनी वही उघडली. येणाऱ्या सिनेमांची यादी आम्ही भाषेप्रमाणे रकाने पाडून करतो. इंग्रजीचा रकाना भरलेला, तेलुगू-हिंदीचे अर्धे, कोरियनमध्येही दोन नोंदी. मराठीचा रकाना वहीच्या पहिल्या पानापासून रिकामा होता. आम्ही तो दर पानावर आखत होतो आणि कोरा सोडत होतो. इतक्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी स्वतःला अभ्यासक म्हणवतो.

पोरं म्हणाली, पैसा. मराठीत एवढा पैसा कुठून आणायचा? हे उत्तर अर्धंच खरं आहे. 'ड्यून'ची दृश्यं ज्या कंपनीनं केली, तिचा फार मोठा कारखाना मुंबईत आहे. परग्रहांची वाळवंटं रंगवणारे हात आपल्याच राज्यात काम करतात. शिवाय विज्ञानपटाला पैसाच लागतो असंही नाही. 'प्रायमर' हा २००४चा अमेरिकी कालप्रवासपट सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांनी 'कार्गो' हा हिंदी चित्रपट मोजक्या पैशांत, एका यानाच्या आतल्या जागेत उभा केला. तो २०२०ला नेटफ्लिक्सवर आला. मराठीत २०१६ला सुजय डहाके यांनी 'फुंतरू' केला. म्हणजे वाट बंद नाही, फक्त रहदारी नाही.

मला वाटतं, कमी आहे ती वाट पाहणाऱ्यांची. सत्यजित रायांनी १९६७ला 'द एलियन'ची पटकथा लिहिली. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरलेलं यान आणि एक गरीब पोरगा. कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, सिनेमा झाला नाही. त्यामागं कारणं बरीच होती. पण रायांच्या बाजूनं पत्रं पाठवणारा प्रेक्षक तेव्हा आपल्याकडं नव्हता, हेही खरं. दहा वर्षांनी, १९७७ला, स्टीव्हन स्पीलबर्ग 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'साठी आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात चित्रीकरण करून गेला. हे सूर कुठून आले असं विचारल्यावर गावकऱ्यांचा सगळा जमाव एकदम आकाशाकडं बोट दाखवतो, ते दृश्य तिथलं. जगातल्या एका गाजलेल्या विज्ञानपटात आपण आहोत ते असे, बोट दाखवणारे.

विषय नाहीत म्हणावं तर तेही नाही. आपल्याच अमरावती विभागात, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. आकाशातून आलेल्या दगडानं काळ्या पाषाणात पाडलेलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर, मध्ये खारं पाणी. जून २०२०ला ते पाणी गुलाबी झालं, आणि त्याला मिठात जगणारे सूक्ष्मजीव कारण असल्याचं संशोधकांनी सांगितलं. वाशीमवरून पुढं गेलं की हिंगोली. तिथं औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ला केंद्रानं तिला अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतली मूळ लायगो उभारणाऱ्यांत 'इंटरस्टेलर'वाले किप थॉर्न होते, त्यासाठी त्यांना २०१७चं नोबेल मिळालं. आणि लायगो-इंडियातली एक भागीदार संस्था आहे नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची आयुका. म्हणजे ज्या सिनेमासाठी आमची पोरं रात्रभर गाडीत बसून मुंबईला गेली, त्याच्या विज्ञानाचा एक धागा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन पोचतो आहे. हे मी सांगितलं तेव्हा टपरीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"मंग यावर पिच्चर कधी येते?" मोबाइलवाल्या पोरानं विचारलं.

हाच तो प्रश्न. हा प्रश्न दहा गावांत, शंभर टपऱ्यांवर विचारला गेला, तर कुणातरी लिहिणाऱ्याच्या कानी पडतो. 'अमेझिंग स्टोरीज'च्या पत्रांच्या पानांतून वाचक पुढं लेखक झाले, हा इतिहास आहे. चाहत्यांची चर्चा म्हणजे मागणीची नोंदवही. जिथं नोंदच नाही तिथं माल कुणी कशाला पाठवील?

रसायनशास्त्रवाल्या मुलीनं त्या संध्याकाळी मराठीच्या रकान्यात पहिली नोंद केली. लोणारच्या गुलाबी पाण्यातून बाहेर आलेल्या एका जिवाणूची गोष्ट, चार ओळींची. तारीख टाकली, सही केली. 'कधी येणार' या जागी तिनं पेन थांबवला आणि सरांकडं पाहिलं.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. 'ड्यून'ची तारीख वाचली तरी ते बोटं मोजतात. म्हणाले, "लिही ना बाई. पण माह्यासाठी जरा जवळची टाक."

तिनं '२०२८, दिवाळी' असं लिहिलं. त्या पानावर आता आणखी सहा नोंदी झाल्या आहेत, त्यातली एक माझी. चुकल्या तर सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या, असं ठरलं आहे.